व्यक्तिशः ओळखते

प्रतिज्ञापत्राच्या शेवटी, डाव्या कोपऱ्यात, एक ओळ असते. 'प्रतिज्ञा करणाऱ्या व्यक्तीला मी व्यक्तिशः ओळखते.' तिच्याखाली वकिलाची सही लागते. ती असली की नोटरी मान वर न करता शिक्का मारतो. वकिलीच्या पहिल्या वर्षी मी ही ओळ जपून वाचायची. दुसऱ्या वर्षी नुसती नजर टाकायची. तिसऱ्या वर्षापासून मला तिच्याखालची मोकळी जागा तेवढी दिसायला लागली.

माझं ऑफिस अंधेरी पूर्वेला, मरोळच्या वाटेवर, एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत होतं. दिवसभर पलीकडे वीस टाइपरायटर खडखडायचे, त्यामुळे मला ओरडूनच बोलायची सवय लागली. माझ्या चिडकेपणाचं खापर मी त्या टाइपरायटरांवर फोडते, पण तो मुळातलाच आहे. लोक आत यायचे, मला बघायचे आणि विचारायचे, "वकीलसाहेब कधी येणार?" मी म्हणायची, "आलेत, बसलेत, तुमच्याकडे बघतायत." मग ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचे.

कोर्टातली कामं मला कोणी देत नव्हतं. दिली ती चंद्रप्रकाशनं. मरोळला त्याची माणसं परदेशी पाठवायची कंपनी होती. पांढरा सफारी, बोलणं मऊ, कधी आवाज चढवल्याचं कुणी ऐकलं नाही. फिटर, वेल्डर, आचारी, घरकामाच्या बाया. मस्कत, दुबई, कुवेत. बहुतेकांकडे जन्माचा दाखला नसायचा, शाळेचा तर नसायचाच. मग वयाचं, नावाचं, पत्त्याचं प्रतिज्ञापत्र करायचं, त्यावर पासपोर्ट व्हायचा, आणि पासपोर्टावर शेवटी सरकारी ऑफिसचा परवानगीचा शिक्का. दर शुक्रवारी तो गठ्ठा घेऊन यायचा.

"मॅडम, माणसं कामावर असतात ना. एकेकाला कुठे आणत बसू? फोटो लावलेत, बघून घ्या."

मी फोटो बघायची. फोटोतला माणूस माझ्याकडे बघायचा. एवढ्या ओळखीवर मी सही ठोकायची. सगळेच वकील करतात, असं मी मनाला सांगितलं होतं, आणि मनानं ते लगेच ऐकलं होतं.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत अशाच गठ्ठ्यात एक नाव आलं. शेवंती धोंडू घाडी, जन्म एकोणीसशे एकोणसाठ, राहणार भांडुप, आणि खाली आमच्या गावाचं नाव. मी ताडकन सरळ बसले. धोंडूकाकांची शेवंती! मालवणच्या वरच्या अंगाला आमचं गाव. दहा वर्षांची होईपर्यंत मी तिथे वाढले, आणि त्यातली बरीचशी शेवंतीच्या हाताला धरून. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण करवंदाच्या जाळीत हात घालायची वेळ आली की मी मागे आणि ती पुढे. नंतर आम्ही मुंबईला आलो. माझे वडील आणि धोंडूकाका एकाच गिरणीत होते, पण शेवंतीच्या धाकट्या बहिणीच्या, सुगंधाच्या, बारशानंतर बांधावरून भांडले आणि बोलणं तुटलं. फोटो बघितला. तेच रुंद कपाळ, तेच जरा वाकडं नाक. इतक्या गठ्ठ्यांत पहिल्यांदाच मला खरोखर ओळखीचं माणूस भेटलं होतं.

"हिला मी ओळखते हां," मी चंद्रप्रकाशला म्हटलं. "खरंच ओळखते. आणलं असतंस तर चहा पाजला असता."

तो हसला. मी इतक्या आनंदानं सही केली की निबानं कागद थोडा फाटला.

मेच्या एक तारखेला भांडुपला आमच्या गावकरी मंडळाची पूजा असते. एरवी मी टाळते, कारण तिथे लग्नाचं विचारतात. त्या वर्षी गेले. प्रसाद वाटायला सगुणाआजी बसल्या होत्या. गावातलं कोण कधी जन्मलं आणि कोण कधी गेलं, हे त्यांना तोंडपाठ. माझ्या जिभेला हाड नाही. पक्षकाराचं काम चारचौघांत बोलू नये, हे वकिलाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी द्रोण हातात घेऊन मोठ्यानं म्हटलं, "आजी, आपल्या धोंडूकाकांची शेवंती चालली हो कुवेतला! कागद मीच केले."

सगुणाआजींचा हात शिऱ्यातच थांबला.

"खंयची शेवंती?"

"धोंडूकाकांची. थोरली."

"गो बाय, थोरली गेली मगो. सात वर्सां झाली. गावाक गेल्ली, कावीळ झाली, आठ दिवसांत खलास. लगीन ठरलेलां तिचां." त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुका म्हायत नाय?"

मला माहीत नव्हतं. सात वर्षांपूर्वी मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आमच्या घरात घाड्यांचं नावसुद्धा निघत नव्हतं. मी द्रोण खाली ठेवला. आधी मला शेवंतीचं वाईट वाटलं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण दुसऱ्याच क्षणी मला माझी स्वतःची काळजी पडली. सात वर्षांपूर्वी मेलेल्या मुलीला मी तीन महिन्यांपूर्वी व्यक्तिशः ओळखलं होतं. शपथेवर.

पण मग फोटोतलं ते कपाळ कुणाचं?

धोंडूकाकांची खोली भांडुपच्या टेकडीवर होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चढून गेले. दार उघडंच होतं. आत एक बाई मोरीकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. गुलबक्षी साडी, मोठा अंबाडा, हातात हिरव्या बांगड्या. तिनं मान वळवली. शेवंती. करवंदाच्या जाळीतली शेवंती, जशीच्या तशी. मग ती उभी राहिली, तेव्हा साडी तिला दोन बोटं लांब होत होती आणि ब्लाउजच्या खांद्यांना आतून टाचण्या होत्या. तोंडावर एक मुरूम होता. पंधरा वर्षांची असेल.

"तू कोण गं?" मी विचारलं.

"शेवंती धोंडू घाडी." थांबली नाही, अडखळली नाही. "जन्म एकोणीसशे एकोणसाठ. शिक्षण नाही. घरकाम येतं."

"तुला धाकटी बहीण होती ना? सुगंधा?"

"सुगंधा गावाला गेलीय."

हे ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. कुणीतरी शिकवलं होतं, डोळ्यांत बघून सांगायचं. मला एकदम इतकी भीती वाटली की मी दाराची चौकट धरली.

विमलाकाकी आतून आली. मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला, आणि ओळखल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं. मुलीला म्हणाली, "शेवंते, पाणी आण." मुलगी उठली. मी भिंतीकडे बघत होते. भिंतीला सगळीकडे धुराची छटा होती, पण एक चौकोन स्वच्छ राहिला होता, आणि त्याच्यावर खिळा. तिथला फोटो काढून ठेवला होता. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस यायचे होते, तेव्हा काढला असणार. खिळ्याला मोगऱ्याची ताजी वेणी अडकवलेली होती.

धोंडूकाका आले तसे उभ्यानंच बोलायला लागले. मी येणार हे त्यांना कळलं होतं. पूजेतल्या बोलण्याला टेकडी चढायला किती वेळ लागतो?

"तू वकील झालंस म्हणान आमच्या पोटार पाय देतलंस?"

"काका, पंधरा वर्षांची आहे ती."

"मग? संपानंतर चार वर्सां मी घरात बसलंय. ही सातवी शिकली, फुडे शिकवची ऐपत नाय. तकडे घरातलां काम, पोरां सांभाळूची, दोन वर्सांनी परत." ते खाली बसले. आवाज एकदम उतरला. "थोरली गेली खरी. पण जाताना आपलां नाव ठेवन गेली गो. गावाक पंचायतीत अजून ती जित्ती आसा, मी नाव काढूकच नाय. तां नाव धाकटीच्या कामाक इलां तर वायट काय?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि त्याचाही मला राग आला.

"काका," मी म्हटलं, "तिकडे तिला कुणी कोंडलं, मारलं, ती पळाली, हरवली, तर इथून मी अर्ज कुणाच्या नावानं करू? सुगंधाच्या? सुगंधा तर गावाला गेलीय. शेवंतीच्या? ती सात वर्षांपूर्वीच गेली. या मुलीला शोधायचं म्हटलं तर शोधायला माणूसच नाही कागदावर!"

मुलीनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. विमलाकाकी त्या खिळ्याकडे बघत होती. निघताना धोंडूकाका एवढंच म्हणाले, "येत्या बेस्तरवारी शिक्को. सोमवारी इमान." म्हणजे गुरुवारी परवानगीचा शिक्का आणि सोमवारी विमान. माझ्या हातात पाच दिवस होते.

चंद्रप्रकाश सोमवारीच आला, शुक्रवारची वाट न बघता. हातात पेढ्यांचा खोका. खुर्चीवर पूर्ण टेकून बसला.

"मॅडम, पूजा झकास झाली म्हणे."

"ते कागद परत घे," मी म्हणाले. "ती मुलगी मेलीय, आणि दुसरी लहान आहे. मी सही मागे घेतेय."

"मेलीय?" तो हळू आवाजात म्हणाला. "मला काय माहीत? तुम्हीच म्हणालात ना, हिला मी खरंच ओळखते. मी तर तुमच्या भरवशावर बसलो." तो हसला नाही, हे जास्त वाईट होतं. "आणि एक सांगा. मी तुमचा पक्षकार ना? पक्षकाराचं बोलणं वकिलानं बाहेर काढायचं नसतं. तुमचाच कायदा. आता या पोरीची फाईल काढली, तर माझ्याकडच्या बाकीच्या पण निघणार. त्यातली एकोणचाळीस माणसं आत्ता तिकडे कामावर आहेत. सगळ्यांची वाट लागेल. आणि आत पहिलं कोण जाणार? मी कुठेच सही केलेली नाही."

तो गेल्यावर मी खोका उघडला. वर पेढे होते. खाली घडी घातलेला एक झेरॉक्स, आणि त्यावर माझ्या चाळीस सह्या, चार रांगांत, कात्रून चिकटवलेल्या. चाळिसावी जरा फाटलेली.

माझी पाचावर धारण बसली. सनद गेली तर मी काय करणार? खोट्या दाखल्याचं कलम मला पाठ होतं. ते आता माझ्या नावासकट पाठ झालं. पलीकडे टाइपरायटर चालूच होते आणि मला वाटायला लागलं की ते माझ्यावरचं आरोपपत्रच टाइप करतायत. त्या दिवसापासून रस्त्यात पांढरा सफारी दिसला की मी दुकानात शिरायची. एकदा तर सलूनमध्ये शिरले.

मंगळवारी घाटकोपरला रामचंद्र नाडकर्णींकडे गेले. वकिलीच्या सुरुवातीला मी त्यांच्या हाताखाली होते. सत्तरीचे, पायजमा आणि कोट अशा वेषात घरीच सल्ला द्यायचे. मी म्हटलं, "सर, समजा, एका वकिलाच्या बाबतीत असं झालं..." आणि सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"त्या समजाच्या वकिलाला सांग," ते म्हणाले, "पक्षकारानं केलेल्या गुन्ह्याबद्दल तो तुझ्यापाशी बोलला, तर तोंड शिवून बसायचं. कोर्टानं विचारलं तरी. पण पुढे करायच्या गुन्ह्यासाठी तो तुझी सहीच वापरत असेल, तर त्याला कायद्याचं संरक्षण नाही. ते गुपित नव्हे, ते हत्यार आहे."

"मग मी, म्हणजे त्यानं, सांगायचं?"

"आधी हे ठरव, त्याचा पक्षकार कोण? फी देतो तो? की ज्याच्या नावापुढे सही केली तो?" त्यांनी डोळे उघडले. "चाळीस प्रतिज्ञापत्रं केलीस ना? त्या चाळीस जणांतल्या एकाशी तरी बोललीस?"

मी मान खाली घातली. समजाचा वकील केव्हाच गायब झाला होता.

"सनद जाईल, सर?"

"जाऊ शकते. निलंबन तर नक्की धर." ते उठले आणि दाराची कडी काढून दिली, आणि तेव्हा मला कळलं की तेही घाबरलेत. "आणि हे बघ कुंदा, तू आज इथे आली नव्हतीस. मी काही ऐकलं नाही."

बुधवारी मी एक अर्ज लिहिला. स्वतः टाइप केला, पलीकडच्या मशीनवर, एका बोटानं. 'मी सदर व्यक्तीला न पाहता ओळखीची सही केली. सदर शेवंती मयत असून तिच्या नावाने जाणारी मुलगी अल्पवयीन आहे. माझी सही मी मागे घेत आहे.' चार ओळींना दीड तास लागला. प्रत खालच्या खणात ठेवली, काढली, पर्समध्ये ठेवली, परत काढून ब्लाउजमध्ये ठेवली. न जाण्याची सतरा कारणं माझ्यापाशी होती, आणि त्या एकोणचाळीस माणसांचं कारण तर खरंच होतं. पण त्यांना त्यांची नावं होती. या मुलीचं नावसुद्धा काढून घेतलं होतं, आणि ते काढायला माझा हात लागला होता.

गुरुवारी दहाला मी टाउनला परवानगीच्या त्या सरकारी ऑफिसात पोचले. लांब हॉल, लाकडी बाकं, जाळीचा काउंटर. बाकांवर माणसं फायली छातीशी धरून बसलेली. तिसऱ्या बाकावर गुलबक्षी साडी दिसली. शेजारी विमलाकाकी. बाईबरोबर आई असली की साहेब फार विचारत नाहीत, म्हणून चंद्रप्रकाशनं काकांऐवजी तिला पाठवलं असणार. तो स्वतः दाराशी उभा होता. त्यानं मला बघून नमस्कार केला.

मी रांग मोडून काउंटरवर गेले आणि अर्ज पुढे सरकवला. साहेबानं तो उचलला. पन्नाशीचा, चष्मेवाला, कंटाळलेला माणूस. त्यानं अर्ज दोनदा वाचला, मग फाईल काढली.

"बाई, पासपोर्ट आहे. रेशनकार्ड आहे. पंचायतीची नोंद आहे. आणि ही तुमचीच सही आहे, व्यक्तिशः ओळखते." त्यानं चष्मा वर केला. "आज म्हणता ओळखत नाही. खोटं कधी बोललात? तेव्हा की आत्ता?"

"तेव्हा," मी म्हटलं. माझा आवाज हॉलभर गेला, टाइपरायटरांची सवय. "तेव्हा न बघता सही केली. आज बघून सांगतेय. ही सुगंधा आहे. पंधरा वर्षांची."

"कागदावर सुगंधा नाहीच कुठे. तुमच्याकडे थोरलीचा मृत्यूचा दाखला आहे?"

नव्हता. कुणाकडेच नव्हता. साहेबानं मुलीला पुढे बोलावलं. ती आली, विमलाकाकी तिच्या मागे.

"नाव?"

"शेवंती धोंडू घाडी."

"जन्म?"

"एकोणीसशे एकोणसाठ."

"बहीण आहे?"

"सुगंधा गावाला गेलीय."

मला राहवलं नाही. मी तिच्या कानाशी ओरडले, "सुगंधा!"

तिनं वळून बघितलं नाही. पापणी हलली नाही. मागच्या बाकावरची दोन माणसं वळली, दारातला शिपाई वळला, पण ती मुलगी जाळीकडे बघत तशीच उभी राहिली. तीन महिन्यांत त्यांनी तिच्यातून ते नाव पुसून टाकलं होतं. दाराशी चंद्रप्रकाश घड्याळ बघत होता.

"बाई, बाजूला व्हा," साहेब म्हणाला. त्याचा तरी काय दोष? त्याच्यापुढे सगळे कागद एका बाजूला होते आणि दुसऱ्या बाजूला एक ओरडणारी वकिलीण, जिनं स्वतःच खोटं बोलल्याचं कबूल केलं होतं. त्यानं शिक्का उचलून शाईच्या पॅडवर दाबला.

"सायबानु."

विमलाकाकी होती. तिनं जाळीत बोटं घातली होती.

"शेवंती माजी गेली, सायबानु." ती थांबली. तिचे ओठ पुढचं बोलायला तयार नव्हते, ते तिनं बळजबरीनं बोलायला लावले. "सात वर्सां झाली. माज्या मांडयेर जीव सोडलो तिना. मी खंय बोलूक नाय. कोणी इचारलां तर गावाक आसा म्हणान सांगी. तीन म्हयने मी हिका तिच्या नावान हाक मारतंय आणि ही ओ देता, आणि माका... माका वाटता, ती इली." तिनं कपाळ जाळीला टेकवलं. "नाय इली ती. गेली. ह्यां माजां धाकटां चेडू. ह्येका खंय धाडू नका."

साहेबाच्या हातात शिक्का तसाच राहिला. मग त्यानं तो डबीत ठेवला आणि एक कोरा कागद काढला.

"जबाब लिहून घ्यावा लागेल."

तो विचारत गेला, काकी सांगत गेली, मी मालवणीचं मराठी करून देत गेले. शेवटी काकीनं अंगठा उमटवला. साहेबानं कागद फिरवून खाली रेघ मारली.

"आता या बाईंना ओळखणारं कोण?"

माझा हात सवयीनं पर्सकडे गेला. पेन निघालंसुद्धा. साहेबानं माझ्याकडे बघितलं, आवाज न चढवता म्हणाला, "तुमची सही नको," आणि कागद माझ्यापासून दूर ओढला. त्यानं तो तसा ओढला तेव्हा मला कळलं, माझं काय गेलं ते. नोटिशी, चौकशी, निलंबन, सगळं पुढे यायचं होतं आणि ते आलंही. पण सनद गेली ती त्या मिनिटाला.

"कोणी आहे का?" साहेबानं हॉलकडे बघून विचारलं. "या बाईंना प्रत्यक्ष ओळखणारं?"

कुणी उठलं नाही. दाराशी आता चंद्रप्रकाश नव्हता. तो कुठे गेला असेल, याची मला जास्त भीती वाटत होती.

"मी," गुलबक्षी साडीतली मुलगी म्हणाली. "ही माझी आई आहे."

"आणि तू कोण?"

तिनं आईकडे बघितलं. आई रडत होती, पण तिनं मान हलवली. तेवढं पुरलं.

"सुगंधा."

"अंगठा दे."

"सही येते मला," ती म्हणाली, आणि तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं. पदर मागे सारून, जीभ ओठात धरून, शाळेत शिकवलेल्या वळणदार अक्षरांत तिनं लिहिलं. सुगंधा धोंडू घाडी. मग जरा विचार करून पुढे लिहिलं, इयत्ता सातवी.

बाहेर आलो तेव्हा जिन्यात ऊन होतं. आम्ही तिघी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होतो. खाली रस्त्यापलीकडे एक पांढरा सफारी उभा होता. तो चंद्रप्रकाशच होता की दुसरा कोणी, हे इतक्या लांबून सांगता येत नव्हतं.

सुगंधानं माझा हात धरला, घट्ट, तिच्या बहिणीसारखा.

"ताई, घरी बाबा काय करतील?"

"माहीत नाही गं," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. आणि मी खूप घाबरले होते. "पण मी येते तुझ्याबरोबर."